न फुटणाऱ्या लॅपटॉपची देखभाल

२ तारीख, रविवार

सगळ्यांत आधी कोण टपकलं, तर विहीणबाई. चारला या म्हटलं होतं, तीनला हजर. चपला काढायच्या आधीच नजर टेबलावर. सूनबाईला ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळालाय, तो बघायला आल्या. लेकीचं कौतुक करायला नव्हे, नावं ठेवायला. म्हणाल्या, हा लॅपटॉप आहे की नळवाल्याची पेटी? आमच्या मुलाचा कसा बोटभर जाड, असून नसल्यासारखा. मी म्हटलं, म्हणूनच गेल्या वर्षी त्याच्यावर बसलात ना! तर प्यायला पाणी मागितलं.

आता खरं सांगायचं तर मलाही तो आधी बोजडच वाटला होता. पण सूनबाई पूल तपासते. ओढ्यावरचे, कालव्यावरचे जुने पूल. कुठे तडा गेलाय, केवढा गेलाय, ते मोजायचं, फोटो काढायचे, तिथेच धुळीत बसून सगळं आत भरायचं. बोटभर जाडीचं तिथे काय टिकणार? तिनं मला नीट समजावलं होतं, आई, हा कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी काही होत नाही. बाजूची रबरी बुचं घट्ट लावलेली असली की पाणीही जात नाही आत. आणखीही काय काय सांगत होती, पण माझं दूध उतू चाललं होतं.

विहीणबाई म्हणाल्या, विकणारे सगळे असंच सांगतात. मग मात्र मला राहवेना. दिला कोपरानं ढकलून. धप्प! विहीणबाई किंचाळल्या. सूनबाई पांढरीफटक. उचलून बटण दाबलं तर चालू! फरशीचा कोपरा तेवढा उडाला. विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

चौथीपुढे शाळा पाहिली नाही मी, पण पहिला प्रयोग पहिल्या फटक्यात जमला. काय आनंद झाला म्हणून सांगू!

सूनबाई म्हणाली, आई, परत नका हं असं करू. मी म्हटलं, छे गं. इथे लिहूनच ठेवते: परत पाडायचा नाही.

३ तारीख, सोमवार, सकाळ

शेजारीण आली होती. सूनबाई आंघोळीला गेली तेवढ्यात एकदा पाडून दाखवला. तिला पटेना, म्हणून आणखी एकदा. शेजारीण वरवर बरं बोलते, पण माझं चांगलं झालेलं तिला बघवत नाही. साखर मागायला आली होती, ती न घेताच गेली.

६ तारीख, गुरुवार

आज अक्रोड फोडले. लॅपटॉपनं. एकेका फटक्यात दोन-दोन. मिरचीच्या बरणीसाठी त्याच्यावर उभीसुद्धा राहिले. जरा म्हणून हलला नाही. माझं वजन काय ते इथे लिहीत नाही.

नातीला आठवं लागलंय, पण जीभ तिच्या दुसऱ्या आजीची. म्हणे, आजी, सात वेळा पाडलास तू. मी म्हटलं, पाच. दोनदा तो आपणहून पडला.

८ तारीख, शनिवार

मुलगा जेवताना मला समजवायला बसला. आई, वीस तारखेला सगळ्या पुलांचा रिपोर्ट गेला की ही पर्मनंट. नाही गेला तर करार संपला, घरी बसावं लागेल. त्याला हात लावू नकोस. मी म्हटलं, अरे, तुझ्या बायकोची नोकरी ज्याच्यात आहे त्याची काळजी या घरात माझ्याशिवाय घेतंय कोण? तर हात जोडले त्यानं. आईपुढे हात जोडायचे असतात, पण असे नाही.

ठराव: आजपासून पाडणं, उभं राहणं, अक्रोड, सगळं बंद. नुसतं पुसायचं. पुसण्याला हात लावणं म्हणत नाहीत.

१४ तारीख, शुक्रवार

सूनबाई चार दिवसांनी लांबच्या पुलांवरून परतली. वाळून काळी पडलीय. लॅपटॉपवर चिखलाचा थर. म्हणाली, आई, संपले एकदाचे, सत्तावीसच्या सत्तावीस पूल झाले. तिकडे रेंज नव्हती आणि आधीचेही उतरवायचे राहिलेत, त्यामुळे सगळं या एकट्यात आहे. सोमवारी ऑफिसात नेऊन उतरवलं की सुटले. आणि बसल्या जागी झोपली. ताट तसंच.

तिचे बूट मी काढले. हे ती कधी कुणाला सांगेल का? नाही.

१५ तारीख, शनिवार

विहीणबाईंचा फोन. उद्या येतेय म्हणाल्या. आणि म्हणाल्या, ती चिखलाची पेटी अजून चालते का हो तुमची?

चिखलाची! यांना चिखल कुणी सांगितला? नातीनं. या घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

१६ तारीख, रविवार, सकाळी ९

मुलगा आणि सूनबाई बाजारात, चारला येतील. लॅपटॉप धुऊन काढला. पाणी जात नाही हे मला सूनबाईनंच सांगितलंय, त्यामुळे मनाला येईल ते केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. भांड्यांचा साबण, मऊ घासणी. बाजूची रबरी बुचं आधी सगळी उघडली, आतल्या भोकांत धूळ होती. हेअरपिननं कोरून काढली आणि वर नळ सोडला. चांगला धो धो. आता ताटांच्या जाळीत उभा करून ठेवलाय, पाणी निथळतंय. बुचं उघडीच ठेवलीत, हवा लागायला. कसा झळझळतोय! या विहीणबाई, या.

दुपारी १

बटण दाबलं. लागत नाही. दमला असेल. इतके दिवस उन्हात होता.

दुपारी ३

दोनदा पाडून बघितला. नाही.

संध्याकाळी ५

विहीणबाई आल्या. मी म्हटलं, बघा, आरसा झालाय की नाही. त्यांनी तो उचलला, तिरका केला, तर बाजूनं पाण्याची धार लागली. मी म्हटलं, तेवढं राहतंच. सूनबाई आतून आली, बघितलं, आणि खाली फरशीवरच बसली. विहीणबाईंनी एखादा टोमणा मारायचा ना! इतर वेळी थांबत नाहीत. आज माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मुद्दाम. मला दिसावं म्हणून.

१७ तारीख, सोमवार

ऑफिसातल्या मेकॅनिकनं खोलला. आत साबणाचा फेस निघाला म्हणे. काही वाचलं नाही. तो म्हणाला, पुरात वाहून गेलेला परत चालू केलाय मी, पण असा कधी पाहिला नाही.

म्हणजे मशीनच कच्चं होतं. मी आधीपासून म्हणत होते.

१८ तारीख, मंगळवार

साहेब घरी आले. सोबत तो मेकॅनिक. विहीणबाई आधीच येऊन बसलेल्या. मी चहा ठेवला आणि सांगायचं ते मनात नीट लावून ठेवलं: बुचं असली वस्तूच मुळात देऊ नये, माणसाला ती उघडावीशी वाटणारच.

साहेबांनी विचारलं, कुणी धुतला? मी ट्रे घेऊन दारातच होते. सूनबाई म्हणाली, मी. माझ्या हातून झालं. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, तुम्ही? इतकी ट्रेनिंगं करून? ती म्हणाली, हो, मीच.

चहा कुणाला किती दिला आठवत नाही.

साहेब नाराज झाले. म्हणाले, पर्मनंटचं आत्ता विसरा. महिनाअखेरपर्यंत सत्तावीस पूल पुन्हा मोजून आणा, मग बघू. दुसरं मशीन मिळणार नाही. वही घ्या आणि मोजपट्टी घ्या. मुलानं विचारलं, मोजपट्टीला दुसरं माणूस लागतं, ते देणार का? साहेब म्हणाले, नाही.

तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, दुसरं टोक मी धरते. साठीच्या बाई! पुलाखाली उतरणार!

मीसुद्धा म्हटलं, मी येते. माझे गुडघे यांच्यापेक्षा बरे आहेत. सूनबाई उठून माझ्याजवळ आली, हातातला रिकामा ट्रे काढून घेतला आणि म्हणाली, आई, तुम्ही कशालाच हात लावू नका. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

विहीणबाई गुरुवारी पहाटे सहाला परत येते म्हणाल्या. जावयाचे जुने बूट मापाला घालून बघितले. आले बरोबर.