घारीचे तास भरेपर्यंत

मी, आयुष्यभर शिवणकाम करून पोट भरलेली बाई, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाशिवाय आणि मोठ्या खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलाने तो आधी वाचावा, कारण पहिली शंका त्यालाच येणार. मी चौथीपर्यंत शिकले. "सदरहू" आणि "येणेप्रमाणे" वकिलांचे, बाकीची बडबड माझी. ते म्हणाले, "आजी, एवढं सगळं कागदावर लागत नाही." म्हटलं, "तुम्हाला नसेल लागत. मला लागतं."

कलम एक, घर. सदरहू घर, खाली शिवणाची खोली आणि वर दोन खोल्या व गच्ची, माझा एकुलता मुलगा आणि त्याची मुलगी यांना निम्मं निम्मं. मुलगा बँकेत मॅनेजर आहे. सगळे त्याला साहेब म्हणतात, हल्ली मीही म्हणते, तेवढंच त्याला बरं वाटतं. नातीला मी घार म्हणते, कारण लहानपणी ती गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरायची नाही. घार पायलट आहे. पुरते तास भरून तिला विमान कंपनीत जागा मिळेपर्यंत या घरात कोणी तिला "आता एखादी धड नोकरी बघ" म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने त्या दिवशी गच्चीत जेवावं.

तासांचं सांगते, नाहीतर हे वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी बरळते आहे. घारीकडे लायसन्स आहे, पण मोठ्या कंपन्या म्हणतात, आधी पंधराशे तास विमान उडवून या, मग आमच्या दारात उभं राहा. ते तास भरायचे कुठे? ते तुमचं तुम्ही बघा! मला शिवण शिकवलं तेव्हा मास्तरणीने आधी चिंध्या दिल्या, मग उशीचे अभ्रे, मग कुठे कोट. या टाय लावलेल्या शहाण्यांना चिंधीसुद्धा द्यायची नाही आणि पहिल्याच दिवशी कोट पाहिजे. मुलाखतीत एकाने तिला विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात?" ती म्हणाली, "तुम्ही बोलवायची वाट बघत होते." मला हे कळलं तेव्हा मी सुई ठेवून टाळ्या वाजवल्या.

कलम दोन, फ्लाइंग क्लबचा मालक. मिशीला पीळ देणारा हा गृहस्थ घारीकडून विमानं धुऊन घेतो, फोन घ्यायला बसवतो, आणि महिन्यातून चार वेळा विमान हातात देतो ते उपकार म्हणून. त्यातही मागे जाहिरातीचं कापड बांधून. ते कापड जाळीचं लागतं, म्हणजे वारा आरपार जातो. याने पैसे वाचवायला मला जाडजूड कापड आणून दिलं. घार म्हणाली, "सर, हे ओढलं जाणार नाही." तो म्हणाला, "तू उडव, अक्कल शिकवू नकोस." मी अक्षरं शिवून दिली, गादीच्या दुकानाची जाहिरात होती. वर गेल्यावर कापड फुगलं, विमान पुढे जाईना, खाली येऊ लागलं. पोरीने डोकं शाबूत ठेवून दोर सोडला. गादीची अख्खी जाहिरात बँकेच्या आवारात साहेबाच्या नव्या गाडीवर पडली. मालकाने त्या उड्डाणाचा वेळ तिच्या लॉगबुकात धरला नाही. का, तर "काम पुरं झालं नाही."

ते कापड मी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलं आहे. येणेप्रमाणे ते मालकाला द्यावं. त्याने पांघरून झोपावं, वारा अजिबात लागणार नाही.

कलम तीन, शिलाई मशीन. ते क्लबच्या मेकॅनिकला. त्या दिवशी धावपट्टीवर घारीला घ्यायला पळत गेलेला तो एकटाच माणूस. मालक कापडामागे पळाला होता.

कलम चार, साहेब. त्या संध्याकाळी तो घरी येऊन ओरडला, "आई, तुझी नात आकाशातून चादरी टाकते! पेट्रोल जाळायचं आणि गोल गोल फिरायचं, याला करिअर म्हणतात?" मी म्हटलं, "तू एकदा बस तरी तिच्या शेजारी." म्हणाला, "मला वेळ नाही." वेळ चिक्कार आहे, पाय लटपटतात. मी बसले आहे, कवळी काढून मुठीत धरून. इतकं हसले की पोरगी म्हणाली, "आजी, हलू नकोस, विमान हलतंय."

कलम पाच, बँकेतली शिल्लक. ती सरळ घारीला दिली असती तर साहेब कोर्टात गेला असता, "आईला फूस लावली" म्हणून. मी वकिलांना विचारलं, वाटणीच्या आधी कुठला खर्च करता येतो? ते म्हणाले, "अंत्यविधीचा." मग माझा अंत्यविधी असा:

माझी राख बटणांच्या डब्यांत भरावी. कपाटात आहेत तेवढ्या सगळ्या डब्या घ्याव्यात. एका उड्डाणात एकच डबी उधळावी. विमान घार चालवेल. शेजारच्या खुर्चीत डबी मांडीवर घेऊन साहेब बसेल, कारण आईची राख मुलानेच उधळायची, हे त्याला चारचौघांत नाही म्हणता येणार नाही. विमानाचं भाडं आणि पेट्रोल माझ्या शिल्लकेतून. घाई करू नये, लांबून वळसा घालून जावं. प्रत्येक उड्डाणाचा वेळ घारीच्या लॉगबुकात चढवून मालकाची सही घ्यावी. काम पुरं झालं नाही, असं त्याला म्हणता येणार नाही.

शेवटच्या डबीपर्यंत साहेबाचे पाय लटपटायचे थांबतील. न थांबल्यास, किंवा घारीचे तास कमी पडल्यास, राख चिमटीचिमटीने पुरवून वापरावी.

हे सर्व पार पाडण्याचं काम वकिलांवर सोपवते. लिहिताना ते तीनदा हसले, चौथ्यांदा चष्मा पुसला.

सही: घारीची आजी (स्वतःच्या हाताने, वळणदार)

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. समोरची चष्म्याच्या दुकानातली बाई. दोघांनाही यातलं काही मिळत नाही, चहा मिळाला.

ठिकाण: माझी शिवणाची खोली, मशीनवरच.

तारीख: वकिलांनी शिक्क्यात घातली आहे तीच. आज आभाळ स्वच्छ आहे, घार वर गेली आहे.