कुंडातून उचललेलं मूल

९ ऑक्टोबर

बाईंना पुन्हा मुलगी. तिसरी! सरदार गेरिक दारातूनच म्हणाले, "पुढच्या वर्षी मुलगा." आणि शिकारीला गेले.

सुईण ओदिएर्नने मला अंगणात गाठलं. "बाबा, पुढचं वर्ष कसलं घेऊन बसलात? आणखी एक बाळंतपण, की बाई संपल्या." मी विचारलं, सरदारांना सांगितलंस? "सांगितलं की! म्हणाले, तू तुझ्या चादरी धू."

सरदारांच्या आधीच्या दोन्ही बायका अशाच गेल्या. दोघींना पाद्री म्हणून मीच माती दिली. चॅपेलच्या भिंतीलगत आहेत. शेजारी अजून जागा आहे — असलं मनात येऊ नये. येतं.

१२ ऑक्टोबर

बाप्तिस्मा. बाई खाटेवरच, बाळंतिणीला चॅपेलमध्ये येता येत नाही. धर्मपिता म्हणून त्यांचा भाऊ तिएबो यायचा होता. घंटा वाजून थांबली, तरी पत्ता नाही. सरदार तापले. "मेहुणा गोगलगाईवर बसून निघालाय का? चला, उरका!"

मी थांबायला हवं होतं. घाबरलो. पोरीला कुंडात बुडवून वर काढलं, घ्यायला कुणीच नाही. "आण इकडे!" म्हणत सरदारांनीच घेतली.

पाण्यातून मूल घेतो तो धर्मपिता. आणि चर्चच्या कायद्याने धर्मपिता म्हणजे मुलाच्या आईचा धर्माचा भाऊच. तिचा नवरा राहू शकत नाही! हे मला सुचलं तोवर पोर त्यांच्या हातात होती.

१३ ऑक्टोबर

प्रार्थना केली.

२० ऑक्टोबर

कुणीतरी सरदारांच्या कानावर घातलं. स्वतः आले. "बाबा, पोर तू सरळ दाईकडे दिलीस. कळलं?"

"सरदार, मी जे पाहिलं —"

"पन्नाशी आली तुझी. डोळे अधू झालेत." हसले. मग हसायचे थांबले. "बाईबरोबर तिच्या माहेरचे द्राक्षमळेही जातील. मला मुलगाही हवा, मळेही हवेत."

बोललो तर बाईंचा संसार मी मोडला. गप्प बसलो तर भिंतीलगतची ती जागा.

बाईंना विचारायचं धाडस होत नाही.

५ नोव्हेंबर

बिशपांचा माणूस आला. शुभवर्तमानाच्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं.

विवाह रद्द. मळे परत. तान्ही आईबरोबर, थोरल्या दोघी बापाकडे. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. थोरलीचं नाव निघालं तेव्हा तेवढे ओठ हलले. सरदारांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस

तिएबो बहिणीला न्यायला आला. खेचरावर पाळणा बांधत होता. मला राहवलं नाही — "त्या दिवशी तुम्ही वेळेवर आला असतात, तर हे घडलं नसतं!"

त्याने गाठ आवळली. "बाबा, मी वेळेच्या आधीच आलो होतो. गिरणीमागे उभा होतो. ताईचा निरोप होता — घंटा थांबली तरी हलू नकोस, ह्यांना कुणाची वाट पाहणं जमत नाही."