पिसाऱ्यातले रंग

माय,

बंगला पडला नाही. आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर मला दारातच उभी करून आधी हेच विचारलं असतंस. नदीकाठचा आपला बंगला उभा आहे, त्याचे खांब पुन्हा दुधासारखे पांढरे झाले आहेत, आणि परवा मी पुढच्या दारातून आत गेले. मागच्या नाही, पुढच्या. चपला मात्र हातात घेतल्या होत्या. नात म्हणाली, "आजी, देऊळ हाय का ते?" काय सांगू तिला? माझी शाळा चौथीतच सुटली, तरी लिहिताना 'मला' लिहिते आणि बोलताना 'मले' म्हणते, कारण शाळेतल्या बाई 'मले' दिसलं की सगळी पाटी पुसायला लावायच्या. हाताला ती सवय अजून आहे. तू हसू नको.

तुला हे सगळं ठाऊकच आहे, पण नातीला पहिल्यापासून सांगता सांगता मलाच त्याची गोडी लागली आहे, म्हणून तुलाही सांगते. पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या उंच काठावर, भोसल्यांच्या काळात आलेल्या कोणा गोऱ्या साहेबानं तो बांधला म्हणतात. नाव कोणालाच माहीत नाही. माणूस हौशी असला पाहिजे, कारण घराचं तोंड त्यानं रस्त्याकडे केलं नाही, नदीकडे केलं, उगवतीला. बारीक उंच खांब, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या, कुठे नक्षीचा भपका नाही, आणि पुढच्या दाराच्या डोक्यावर ती अर्ध्या चंद्राची खिडकी. लाकडाच्या काड्या मधून फाकत गेलेल्या, जसा मोर नाचायला उभा राहिला. गावानं तिला पिसारा म्हटलं. गोरे गेले, बंगल्यात दौऱ्यावरचे साहेब उतरू लागले, बाबा चौकीदार झाले, आणि बाबा गेल्यावर झाडलोट, पाणी, स्वयंपाक सगळं तुझ्या अंगावर आलं. आपण मागच्या खोलीत राहायचो.

रांधायची खोली तर बंगल्यापासून किती लांब! तू लाखोरीच्या डाळीचं पातेलं पदरात धरून अंगणातून जाते आहेस, मी मागे भाताचं ताट घेऊन, आणि तू मागे न बघता म्हणते आहेस, "पायाकडं पाह्य, आभायाकडं नोको पाहू." एकदा साहेब नदीवर गेलेले पाहून मी त्यांच्या लांब हातांच्या आरामखुर्चीत बसले होते. तू मला दंडाला धरून उठवलंस. मारलं नाहीस. खुर्ची पदरानं पुसलीस आणि म्हणालीस, "हे घर आपल्याले सांभाळाले देल्लं हाय, बसाले नाही." त्या दिवशी मी जेवले नाही, आठवते? संध्याकाळी तूच मोहफुलं भाजून दिलीस. परवा ती खुर्ची दिसली नाही. कोणी नेली देव जाणे.

मग ती गारपीट. लिंबाएवढ्या गारा नदीकडून आडव्या आल्या आणि पिसाऱ्याच्या सगळ्या काचा खाली. तू सकाळभर काचा वेचत होतीस, मला जवळ येऊ देत नव्हतीस. मग भोकांवर गोणपाट ठोकलंस, दिवाणखान्यात दिवसा अंधार झाला, आणि तू कंबरेवर हात ठेवून वर बघत म्हणालीस, "आता नदी घरात यायची बंद झाली वो." मी लहान. मला वाटलं, तू पुराचं बोलून राहिली. मी म्हणाले, "बरं झालं न मंग, माय!" तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस, आणि खाली पडलेले खिळे वेचायला लागलीस. येईल त्या साहेबाला तू काचेचं सांगायचीस. कोणी म्हणे लिहितो, कोणी म्हणे पाहतो. काच काही आली नाही.

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि नाटकवाल्यांचा मुक्काम आपल्या मागच्या पडवीत पडला. त्यातला तो लाईटवाला, तोंडात तंबाखूचा खर्रा, दिव्यापुढे लावायच्या रंगीत पन्न्या दोरीवर वाळत घालत होता. लाल, हिरवी, पिवळी, निळी. तू किती वेळ बघत उभी राहिलीस. मग म्हणालीस, "भाऊ, ह्या कडेनं जळलेल्या पन्न्या फेकून देता का?"

"तुले कायले पायजे, बाई? नाटक लावतं का घरात?"

"माह्या मोराले पायजे."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तुझ्या हातचा फोडणीचा भात खाल्ला आणि गुंडाळीच देऊन टाकली. तू भाताची खळ केलीस, शिडीवर चढलीस, मी खालून शिडी धरली, आणि काडीकाडीमध्ये एकेक रंग बसवलास. सकाळी ऊन आलं तेव्हा सगळी फरशी रंगली होती. मी त्यात लोळले. तू मात्र छताकडे बघत होतीस. "रंग आले," तू म्हणालीस, "पर नदी नाही आली." मला तेव्हाही काही कळलं नाही. पुढच्या महिन्यात एक मोठे साहेब आले, मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वा! असली विलायती काम." तू तोंडात पदर कोंबून रांधायच्या खोलीकडे पळालीस. तिथून पुढे सगळ्या गावानं तेच धरलं. दरवर्षी मंडईत तू नवी पन्नी मागून आणायचीस, आणि गाव पाहुण्यांना इंग्रजाची रंगीत काच दाखवायचं.

तू गेलीस तशी पन्नीही उडाली, फळ्या ठोकल्या गेल्या, मग बंगल्याला कुलूप लागलं. मी लग्न होऊन गावातच, त्यामुळे येता जाता दिसायचा. आधी कौलं गेली, मग एक खांब तिरपा झाला. मधे पाडायचं ठरत होतं. मग गावातल्या पोरांनी ओरड केली, वरून मंजुरी आली, आणि नागपूरची एक पोरगी दुरुस्तीला आली. जुनी घरं बरी करण्याचंच शिकली आहे म्हणे. आपल्या नातीच्याच वयाची दिसते, डोक्याला रुमाल बांधून स्वतः शिडीवर चढते. मला ती आवडली.

तिनं एकदा जुन्याजाणत्यांना ओट्यावर बोलावलं. म्हणाली, "माझं काम घर जसं बांधलं होतं तसं करायचं आहे. मातीत साधी काच सापडली, पण ती बाकीच्या खिडक्यांची असू शकते. पिसाऱ्यात काय होतं, ते तुम्हीच सांगा." सगळे एकदम बोलू लागले. वरच्या आळीतले म्हातारबुवा तर काठी आपटून उठले. "रंगीत होती! माह्या आज्यानं सांगतलं, बोटीनं आली होती, लंडनवरून. ह्या डोयानं पायली म्या." ती म्हणाली, "मग इंग्रजाच्या वेळची रंगीत होती, असं धरते आणि तशीच बनवून घेते."

माय, माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. मी गप्प बसले तर तुझे रंग परत त्या दारावर येणार होते, खऱ्या काचेचे, कधी न उडणारे. पण ते साहेबाचे होणार होते. बोलले तर तुझं नाव निघणार होतं, आणि रंग जाणार होते. नात माझा हात धरून बसली होती. मी उठले कधी ते मला कळलं नाही.

"रंगीत काच नव्हती," मी म्हणाले. "ते पन्नी होती. नाटकाची. माह्या मायनं लावली होती, भाताच्या खळीनं."

म्हातारबुवा म्हणाले, "बुढी, वय झालं तुयं."

"तुमच्याहून कमीच हाय," मी म्हणाले, आणि सगळे हसले. मग मी सगळं सांगितलं. गारा, गोणपाट, लाईटवाला, मोर. ती पोरगी ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आजी, मग मला साधी काच लावावी लागेल. चालेल ना?" जणू घर माझंच होतं. मी मान हलवली. घरी आले, तांदूळ निवडायला घेतले आणि रडले. गावात अजून टोमणे बसतात. किराणावाला म्हणतो, "आजी, तुमी तं मोराचे पिसंच उपटले!" मी म्हणते, "मोर माह्या मायचा होता, तुले काय करायचं?"

परवा बंगला उघडला. आता तिथे गावच्या पोरांसाठी वाचनाची खोली होणार आहे. नात जवाहरनगरला राहते, तिथून पहिल्या बसनं आली, आम्ही गर्दीच्या आधीच गेलो. पुढचं दार, चपला हातात. फरशी स्वच्छ, रंग कुठेच नाहीत, आणि मला पुन्हा रडू येईल असं वाटत होतं. तेवढ्यात सूर्य नदीवर आला. नात म्हणाली, "आजी, वर पाह्य!" छतभर पाणी हलत होतं, माय. उजेडाच्या लाटा, बारीक, एकामागे एक, साध्या काचेतून आत येऊन सगळ्या छतावर वाहत होत्या. नदी घरात आली होती. त्या गोऱ्यानं घराचं तोंड तिकडे कशासाठी केलं ते मला कळलं, आणि तू शिडीवरून उतरून वर काय शोधत होतीस तेही. मी तिथेच फरशीवर बसले. कोणी उठवलं नाही.

हा कागद मी तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही, चुलीत घालेन, कारण एक गोष्ट तुझ्यापुढे म्हणायला धीर होत नाही. इतकी वर्षं त्या रंगांची याद काढत जगले मी, पण साधी काच जास्त सुंदर दिसते.