मापाचा तारा

प्रिय विज्ञानबाई,

शाळेतली मुलं तुला अशी हाक मारतात हे तुझ्या लेकीनं मागच्या फोनवर सांगितलं, तेव्हापासून मलाही दुसरं नाव सुचत नाही. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन सोडून हे चार कागद खरडायला बसले, कारण फोनवर मी वेळ मारून नेते हे तुला ठाऊक आहे आणि या खेपेला ते करायचं नाही असं ठरवलंय. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक ऐकून तू नाचशील. दुसरी सांगायला मला सात वर्षं लागली, त्यामुळे ती आणखी पानभर थांबू दे.

तर नाचायची गोष्ट आधी. तुझा कुंभकर्ण, तो धुळीत झोपलेला तारा, खरंच जागा झाला होता. त्या एका सकाळी तू जे पाहिलंस, ज्याच्यामुळे एवढं रामायण झालं, ते अक्षरशः तसंच घडलं होतं. पुरावा आकाशातच मिळालाय, आणि तो शोधायला कुणी गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी आपल्या दुर्बिणीला नवा कॅमेरा बसवला. त्याची नजर जुन्यापेक्षा खूप रुंद आहे. सरावासाठी कुठलं तरी धुळीनं भरलेलं आकाश हवं होतं, म्हणून मी तुझाच तुकडा निवडला. सवयीनं, दुसरं काय. यंदा पुन्हा तोच टिपला आणि तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. समोर अर्धा कप चहा होता, तो तसाच राहिला. ताऱ्याभोवती एका बाजूला तुटलेलं बारीक कडं होतं. गेल्या वर्षीचं लहान, यंदाचं मोठं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आधी मशीनवर संशय घ्यायचा, मग जगावर. मला वाटलं, भिंगातलं प्रतिबिंब असणार. दुसऱ्या दिवशी कॅमेरा काटकोनात फिरवून पुन्हा टिपलं. दोष कॅमेऱ्यातला असता तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरला असता. कडं जिथल्या तिथे होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दुर्बिणीवरच्या मित्राच्या हातापाया पडून त्याच्याकडून चित्र मागवलं. त्यातही होतं. मग मात्र मला खुर्चीत बसवेना.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तारा भडकला तेव्हा त्याचा थोडा उजेड सरळ आपल्याकडे आला, तो तू पाहिलास. बाकीचा चहूकडे गेला. वाटेत जिथे धूळ भेटली तिथून वळून तो आता आपल्याकडे येतोय, लांबच्या वाटेनं, उशिरा. म्हणजे तुझी ती सकाळ संपलेलीच नाही. ती अजून त्या धुळीतून पुढे पुढे चालली आहे, आणि साध्या डोळ्याला तिथे नुसता काळोख आहे. कडं किती वेगानं वाढतंय ते मोजलं आणि उलटं मोजत मागे गेले. ते ताऱ्यापाशी जाऊन मिटतं तो महिना कुठला, सांगू? तुझाच. चूक असलीच तर तीन आठवड्यांची.

आणि एवढ्यावर संपत नाही. त्या कड्याच्या खूप बाहेर दुसरं एक आहे, इतकं पुसट की मी तीनदा डोळे धुऊन आले. त्याचा हिशेब अडतीस वर्षांवर जातो. तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि मी तीनची. तेव्हाही त्यानं एक घास घेतला होता, आणि तो पाहील असा कॅमेरा पृथ्वीच्या पाठीवर कुणाकडे नव्हता. अर्थात आपल्या लेखी ही अडतीस वर्षं. तिथे हे सगळं होऊन साडेपाच हजार वर्षं उलटली आहेत आणि आपण आत्ता कुठे वर्तमानपत्र उघडतोय. एवढा मोठा तारा जन्मताना पोटात वायूची संततधार घेत निमूट वाढत असेल असं आपल्याला शिकवलं होतं. तू एकटी म्हणायचीस की हा उपाशी झोपतो, मध्येच उठून गुरू ग्रहाएवढा घास एका दमात गिळतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून तर कुंभकर्ण. मी त्या दोन कड्यांकडे बघत बसले आणि मला रडू आलं. घरी फोन करून म्हटलं की एक तारा दोनदा जेवला. आमचे हे म्हणाले, बरं झालं, आता तूही चार घास खा.

तुला आपली पाळी आठवते? काळोखातले चांगले तास मोठ्या मंडळींचे आणि उजाडल्यापासून आठची बस सुटेपर्यंतचा वेळ आपला. इन्फ्रारेडवाल्यांना उजेडाचं काय, असं म्हणून आपल्या पदरात उरलंसुरलं टाकायचे. खरंही होतं ते. आपल्या कॅमेऱ्याला आकाश दिवसरात्र तापलेलंच दिसतं, त्यामुळे सूर्य उगवला तरी आपलं काम चालू. तू दोन स्वेटर घालून, मफलर नाकापर्यंत ओढून बसायचीस आणि कॅन्टीनवाल्या मावशींना सांगायचीस की धुळीच्या गोधडीत गुंडाळलेलं बाळ दिसत नसलं तरी त्याचा ताप हाताला लागतो, तसं आपण ताऱ्याचा ताप बघतो. मावशी अजून मला विचारतात, तुमची ती बाळाची डॉक्टर कुठे गेली म्हणून.

त्या मंगळवारी दुपारी तुझा फोन आला होता. तू ओरडली नाहीस. हळू आवाजात तीनदा विचारलंस की सकाळी मी कॅमेऱ्यात काही बदल केला होता का. तारा तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा पाचपट तेजस्वी दिसत होता आणि तुला विश्वास बसत नव्हता. मग आठवडाभर ढग. ढग सरले तोवर तारा सूर्याच्या आड गेला. चार महिन्यांनी बाहेर आला तेव्हा जवळजवळ पहिल्यासारखा मंद. तुझ्या हातात ती एकच सकाळ उरली.

आता दुसरी गोष्ट. पान उलटून झालं, पळवाट संपली.

तुझं माप खरं की खोटं ते ठरवायला बसलेल्या समितीनं मापाच्या ताऱ्याचं चित्र मागितलं होतं, आठवतं ना. तुझ्या लेकीनं कधी हे पत्र वाचलं तर तिला कळावं म्हणून लिहिते: रोज काम आवरताना ज्याचं तेज कधी बदलत नाही असा एक ठरलेला तारा टिपायचा. त्याचा आकडा रोजच्यासारखा आला तर कॅमेरा ठीक आणि त्या दिवशीची सगळी मापं खरी. हे काम कॅमेरा सांभाळणारीचं, म्हणजे माझं. त्या मंगळवारचा आकडा वहीत होता, पण चित्र कुठेच सापडेना. तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी म्हणाले की त्या सकाळी कॅमेरा जरा त्रास देत होता, त्यात फाइल गेली असावी. अध्यक्षांनी मान हलवली, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि एका ओळीत तुझं माप खोडून टाकलं. कॅमेराच बिघडलेला, तर पाचपट काय आणि पन्नासपट काय. पुढे तुझी नेमणूक वाढवली नाही. बाहेर पायऱ्यांवर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस की मशीनच ते, त्याला तू काय करणार.

फाइल गेली नव्हती. ती कधी नव्हतीच. मापाचा तारा टिपायला वीस मिनिटं लागतात आणि बसला बारा उरली होती. पुढची बस अकराला. कुणी आजारी नव्हतं, घरी काही अडलं नव्हतं. मला खिडकीजवळची जागा हवी होती आणि झोप हवी होती. रोज तोच आकडा येतो म्हणून आदल्या दिवशीचा उतरवला आणि पळाले. तुझा फोन आला तेव्हा काही बदल केला नाही एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन कॅमेरा ठरलेल्या तेजाच्या दिव्यावर तपासला. चोख होता. तसा कागदही केला, सही केली आणि खणात ठेवला. आज ना उद्या आकाश उघडेल, तारा पुन्हा टिपू, मग कोण विचारतंय, असं स्वतःला समजावलं. ढगांनी तेही होऊ दिलं नाही. समितीसमोर बसले तेव्हा माझा आळस झाकायचा की तुझा तारा वाचवायचा एवढाच प्रश्न होता, आणि मी खापर मशीनवर फोडलं. ते फुटलं तुझ्या डोक्यावर.

नंतर मी तुझ्या लेकीला दर वाढदिवसाला आधीपेक्षा मोठी भेट पाठवत गेले. तू रागवायचीस की मावशी पोरीला बिघडवते. तुझ्या आईला, काकूंना, मी अजून गुणाची वाटते. शाळेत छान रमले असं तू म्हणालीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते, पण पडला. तू खरंच रमली आहेस की मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आज हे लिहायचं कारण असं. कड्यांवरचा लेख नियतकालिकाकडे गेला होता. परीक्षकानं एकच प्रश्न विचारलाय: सात वर्षांपूर्वी कुणीतरी हाच भडका थेट मोजला होता, तो का नाकारला? संचालक म्हणाले, यंत्रात दोष होता असं लिहून मोकळी हो, जुनं उकरून काय करायचंय. आज सकाळी मी त्यांना आणि परीक्षकाला खरं काय ते तारखेसकट लिहून पाठवलं, खणातल्या कागदाची प्रत जोडली आणि मग हे पत्र लिहायला बसले. तुला आधी सांगितलं असतं तर तू मला माफ करून गप्प बसवलं असतंस, तुझा काही भरवसा नाही. कॅमेरा आता बहुधा माझ्याकडे राहणार नाही, आणि ते रास्तच आहे. लेखावर पहिलं नाव तुझं घातलंय, पण तुझ्या सहीशिवाय ते छापता येत नाही. फॉर्म सोबत जोडलाय, शुक्रवारपर्यंत पोचायला हवा. माझ्याशी बोलू नकोस, हे पत्र फाडून टाक, काकूंनाही सगळं सांग, मी काही म्हणणार नाही. सही मात्र कर. साडेपाच हजार वर्षं चालत आलेला तो उजेड त्या सकाळी जगात फक्त तू पाहिलास, आणि मी सोडून तुला कुणी खोटं पाडलं नव्हतं.

अजून म्हणू देशील तर,
तुझीच