गोल सह्यांचा अर्ज

आमोणे, १२ जून १९८७

शिवदासदादा,

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आई गेली तेव्हाही कळवलं नाही.

मुंबईच्या गिरण्यांत तू समाजवाद्यांच्या युनियनमध्ये वाढलास. इथल्या खाणकामगारांना तूच शिकवलंस, मागण्यांच्या अर्जावर सह्या गोल करायच्या, म्हणजे सुरुवात कोणी केली ते मालकाला कळत नाही. तरी कंपनीने नेमके पहिले तिघेच कामावरून काढले: केरबा, अनिल आणि आमचे हे. अर्ज घेऊन ऑफिसात तू एकटा गेला होतास. "पयली सय कोणाची तें शिवदासाक सोडून कोणाक खबर?" हे म्हणाले. मलाही तेच वाटलं. महिन्याभरात तू मुंबईला परतलास आणि माझा संशय पक्का झाला.

काल त्या तिघांच्या नोकरीचा खटला संपला. वकिलाने मूळ अर्ज माझ्या हातात दिला. गोल अगदी नीट आहे. पण त्या तिघांच्या तीन सह्या निळ्या आहेत, तिसरी शेवटी फिकी होत गेलीय, आणि बाकी सगळ्या काळ्या. सह्या आमच्याच ओसरीवर झाल्या होत्या, माझ्या पेनाने. निळी शाई संपल्यावर काळी मीच भरून दिली होती.

अर्ज मी तांदळाच्या डब्याखाली लपवलाय. हे पत्रही तिथेच ठेवणार. ह्यांनी तो पाहिला नसावा, असं काल रात्रीपर्यंत वाटत होतं. आज सकाळी चहा पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "तुजें तें जुनें पेन खंय आसा गो?"

त्याच पेनाने लिहितेय.

तुझी बहीण,
चंद्रावती