डबीतली खरखर

४ जाने., रवि.
पुण्याच्या बाईंनी परत सॅम्पल नापास केलं. "वाचन छान आहे, पण आवाजात खरखर येते. उपकरण तपासून घ्याल का?" दुसऱ्यांदा. ऑडिओबुकचं काम, अख्खी कादंबरी वाचायची. साड्यांचे सेल आणि क्रिकेटच्या मॅची ओरडून ओरडून जीव कंटाळलाय. हे मिळालं तर जाहिरातीच्या रिक्षाच्या भोंग्यातून सुटलो एकदाचा.
खरखर आहे, खोटं कशाला बोलू. हेडफोनवर मलाही ऐकू येते. बाळूच्या रिक्षाच्या भोंग्यावर नाही कळत, पण त्या भोंग्यावर भांडण आणि भजन सारखंच वाजतं.
डबी म्हातारी झाली. माइक आणि कॉम्प्युटरच्या मधला तो इंटरफेस, लग्नाआधी घेतलेला. एक बटण तर केव्हाच निघालंय, पक्कडीनं फिरवतो.

६ जाने.
फ्रिज बंद, पंखा बंद, मनीषाला मिक्सर लावू दिला नाही. खोलीत आणखी दोन गोधड्या टांगल्या. दहिवलीत जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगा, आमच्या मागं पण एक चाललीय. तिथले कामगार जेवायला बसतात तेवढ्यात रेकॉ. करायचं. केलं. खरखर तशीच.
मग आईच्या टीव्हीवर घसरलो. "बंद कर म्हटलं ना तो डबा! तुझ्यामुळं जातंय माझं काम!" तिनं बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. खरखर टीव्हीची नव्हतीच.

९ जाने.
नवी डबी मोबाइलवर बघतोय. कार्टात टाकली, काढली, परत टाकली. रिव्ह्यूवाल्या पोरांचं सगळ्यांचं एकच, आवाज कसा लोण्यासारखा येतो. यांच्या घरी लोण्याशिवाय काही नसतं वाटतं.
मनीषा : "अहो, घ्या नाहीतर सोडून द्या. रोज उठून काय तेच दळण?"
घेऊ. बहुतेक.

११ जाने., रवि.
कळंबला मॅची, दिवसभर कॉमेंट्री. वाळलेल्या भातखाचरात मैदान, धुरळा सगळा माझ्याच तोंडात. फायनलपर्यंत आवाज बसला.
बाळू : "दादा, आवाज लय फाटतोय तुमचा हल्ली."
म्हटलं, तू आधी भोंगा बदल तुझा.

१५ जाने.
खालापूरच्या नीलेशनं त्याची नवी डबी वापरायला दिली. तो भजनं रेकॉर्ड करतो. "आधी लावून बघ, मग घे." गुणी पोरगा.
लावली. एक पान वाचलं. खरखर. वायर बदलली, माइक बदलला. तरी खरखर, जशीच्या तशी. नव्या डबीत तर जास्तच उघडी पडली.
मनीषाला हाक मारली, चार ओळी वाच म्हटलं. ओले हात पदराला पुसत आली, अडखळत वाचलं. ऐकलं तर स्वच्छ. तिची बांगडी किणकिणली ती पण ऐकू आली.
मग आपली जुनी डबी लावली. परत वाच. परत स्वच्छ.
"आता काय सगळं पुस्तक वाचून घेताय काय माझ्याकडून?" हसत होती. मग माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली.

१६ जाने.
मनीषाला दिवाळीपासून कळत होतं. मला बोलली नाही, कारण मी डबी डबी करत होतो. मला पण कळत होतं की काय, कोण जाणे. बाबांचं असंच, आवाज घोगरा होण्यापासून सुरू झालं होतं. पुढचं लिहीत नाही.
भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

१९ जाने.
पनवेल. कान-नाक-घसा. नाकातून दुर्बीण घातली, डोळ्यांतून पाणी. स्वरयंत्रावर गाठ. बारीक आहे म्हणाले. दोन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. मग परत दुर्बीण. कमी झाली नसेल तर काढून तपासायला पाठवणार.
"ओरडायचं काम करता का?" डॉक्टरांनी विचारलं. मनीषाच बोलली, "तेवढंच करतात."
आईला गाठीचं सांगायचं नाही असं ठरलं. बाबांचं सगळं आजारपण तिनंच काढलंय. घसा बसलाय एवढंच सांगायचं.

२४ जाने.
मौन म्हणजे काय ते आता कळतंय. कुकरची शिट्टी झाली तरी तोंड उघडतं. मनीषाला मोबाइलवर टाइप करून दाखवतो. आईला वाचता येत नाही. हातवारे करतो तर ती तोंड फिरवते.
मनीषाला म्हणत होती, "घसा बसला म्हून कोन आईशी बोलायचा ऱ्हातो का गं? तवा टीवीवरून वरडला, तवापासनं तोंड धरून बसलाय." टीव्ही लावतच नाही ती आता. मी लावून दिला, तिनं उठून बंद केला.
तिच्याशी शेवटचं नीट काय बोललो होतो ते आठवत बसलो. ते टीव्हीचंच आठवतं.

३० जाने.
बाळूनं माझं गेल्या वर्षीचंच रेकॉ. लावलंय, सेल तोच, साड्याही त्याच. दुपारी रिक्षा घरावरून गेली. "आई, ताई, मावशी, सगळ्यांनी यायचं बरं का!" काय खणखणीत होतो मी.
आई ओट्यावर होती. रिक्षा वळेपर्यंत बघत राहिली, मग मला : "साऱ्या गावाला बोलवतोस. घरात बोलाया तोंड नाय तुला?"
आत येऊन रडलो. आवाज न करता रडणं फार अवघड असतं.

१ फेब्रु., रवि.
उद्या पनवेल. नीलेशचा मेसेज, डबी ठेवतोस की परत देतोस? पुण्याच्या बाईंचा पण, सॅम्पल कधी? कोणालाच उत्तर दिलं नाही.
सकाळपासून जुन्या फायली चाळत होतो. साडीसेलमधून "आई" कापला. कळंबच्या एका मॅचीत पंचांना म्हणालो होतो, "रागावू नका हो", ते घेतलं. "नकोस" कुठंच मिळालं नाही, लोकांना कोण नकोस म्हणतं? रिसॉर्टच्या जाहिरातीतून "जेवणाची उत्तम सोय". जोडलं.
आईला हाताला धरून गोधड्यांच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं. जुन्या डबीला स्पीकर जोडलेलेच होते. लावलं.
"आई. रागावू नका हो. जेवणाची उत्तम सोय."
आधी दचकली. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून. मनीषा दारात उभी होती, ती पण हसली. परत लाव म्हणाली आई. परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.
मग माझ्या गळ्यावरून हात फिरवला, बाबांचा चाचपायची तसा, आणि स्पीकरकडं बघत म्हणाली, "आवाज तं बरा हाय की रं तुजा. मंग झालंय काय?"
मनीषा आत निघून गेली. मी परत तेच लावलं.