फुलापर्यंत मैदा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो कागदावरच घालतो आहे, गोड मानून घे.) तुझी दाढ आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून ते प्रत्येक वाक्याआधी दोनदा खोकून समोरच्याला सावध करतात? इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. ठीक म्हणजे मी ठीक आहे. तुझ्या भावजयीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. काळजीचं काही कारण नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत, त्यातले तीन होऊन गेले. तुला आधी कळवलं नाही याचा राग मानू नकोस. हे कसं झालं असं तू पहिल्या वाक्यातच विचारलं असतंस, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तयार व्हायला मला तीन आठवडे लागले.

तर झालं असं. मला निवृत्त होऊन आठ महिने झाले. चौतीस वर्षं लोकांची वजनमापं तपासल्यावर माणूस खुर्ची सोडतो, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिले सात महिने मी वर्तमानपत्र वाचलं. आठव्या महिन्यात स्वयंपाकघराची तपासणी केली. (कुणाची तक्रार नव्हती. आमच्या खात्यात तपासणीला तक्रार लागतेच असं नाही.) सगळे डबे आणि भांडी मी वजनाप्रमाणे लावली, जड खाली आणि हलकी वर. त्यात केकचे साचे सर्वांत हलके निघाले म्हणून थेट छताखालच्या फळीवर गेले. ते दर शुक्रवारी लागतात ही बाब तपासणीच्या कक्षेत येत नव्हती. लगेच पुढच्या शुक्रवारी तुझी भावजय स्टुलावर चढली, आणि मग स्टूल एकीकडे आणि ती एकीकडे झाली. साचे मात्र शाबूत आहेत. हे मी तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं, ते बोलायला नको होतं.

आता शुक्रवारच का, ते सांगतो. इथल्या इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये दाराशी एक छोटं टेबल आहे. गेली अकरा वर्षं दर शनिवारी सकाळी त्यावर तुझ्या भावजयीने केलेले पदार्थ असतात: दोन लिंबाचे केक, एक गाजर आणि चीज घातलेला खारा केक आणि कांद्याचे बारा छोटे टार्ट. रोग्यांना भेटायला आलेली माणसं, रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सा, कधी एखादा डॉक्टर, सगळे उभ्या उभ्या खातात. साडेअकरापर्यंत टेबल साफ होतं. तिने या टेबलाबद्दल घरात कधी बढाई मारली नाही, पण शनिवारी रिकामे साचे घेऊन आली की ती दार लावताना गुणगुणते. (सूर बरा नसतो.) हात मोडल्यावर ती म्हणाली की कॅन्टीनवाल्या बाईंना कळवून टाकू, दीड महिना जमणार नाही. मीच नको म्हणालो. एकदा बेकरीवाल्याचं कपाट तिथे येऊन बसलं की ते काही उठायचं नाही. तिचा हात माझ्या व्यवस्थेपायी मोडला होता, निदान टेबल तरी माझ्यापायी जायला नको होतं. तेव्हा मी जाहीर केलं की सगळं मी करीन, आणि तिने बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन बसावं. ती म्हणाली, “वहीत सगळं लिहिलंय.”

वही मी उघडली. ताई, चौतीस वर्षांत मी दगडाची वजनं पाहिली, तळाला मेण लावलेली मापं पाहिली, पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक पाहिला, पण असा दस्तऐवज पाहिला नव्हता. लिंबाच्या केकला मैदा “दोन कप, फुलापर्यंत”. साखर “एक कप, पाकळ्या दिसतील इतकी”. दूध “देठ बुडेल एवढं”. टार्टच्या पिठात पाणी “बोटाला कळेल तितकं”. खाऱ्या केकात मीठ “नेहमीचं”. हे फूल म्हणजे आईच्या जोडीतल्या कपाच्या आत रंगवलेलं निळं फूल. एक कप तुझ्याकडे गेला, दुसरा आमच्या लग्नात तुझ्या भावजयीकडे आला, आणि गेली एकतीस वर्षं ती त्यानेच सगळं मोजत आली.

आता इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती तू वाचावीस आणि विसरावीस. त्या आठव्या महिन्यातल्या तपासणीत मी तो कपही तपासला होता. काठोकाठ पाणी भरून पाहिलं तर एकशे अठ्ठ्याण्णव मिलिलिटर भरलं. कप म्हणजे दोनशे चाळीस. बेचाळीसची तूट! एखाद्या दुकानदाराकडे एवढी तूट सापडली असती तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. खोटं माप पुन्हा वापरात येऊ नये म्हणून जागेवर मोडायचं, असा माझा चौतीस वर्षांचा शिरस्ता. मी शिरस्ता पाळला. ती भाजी आणायला गेलेली असताना छोट्या हातोडीने दोन ठोके घातले, तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि केराच्या डब्यात टाकले. त्याच्या जागी स्टीलचा नवा, शिक्का मारलेला कप आणून ठेवला. तो तिने एकदा हातात घेऊन पाहिला आणि त्यात चमचे ठेवले. जुना कप कुठे आहे असं तिने विचारलं, तेव्हा असेल कुठेतरी, असं मी म्हणालो. (हे खोटं नाही. कुठेतरी तो असणारच.)

तेव्हा माझी अडचण लक्षात घे. ओट्याशी मी, हातात वही, आणि बाहेरच्या खोलीत सगळं जाणणारी बाई. पण फुलापर्यंत म्हणजे किती, हे तिला विचारायची सोय नाही. कारण ती म्हणणार, कपात बघा की. पहिल्याच शुक्रवारी तिने तिथूनच विचारलं, “कप सापडला का हो?” मी हो म्हणालो. त्या एका ‘हो’मुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

पहिल्या शुक्रवारी मी शिक्क्याचा कप काठोकाठ भरून वापरला. लिंबाचा केक आधी फुगला, मग त्याने विचार बदलला आणि तो मधोमध असा खचला की त्यात लिंबू ठेवलं असतं तर घरंगळलं नसतं. खारा केक कापताना सुरी वाकली. टार्टचं तर विचारूच नकोस. बोटाला कळेल तितकं पाणी घालायचं होतं, पण माझ्या बोटाला काहीच कळलं नाही. चौतीस वर्षं त्याने फक्त ठपके लिहिलेत. मी घालत गेलो, गोळा चिकट झाला, मग मैदा घातला, मग पुन्हा पाणी. जे तयार झालं त्यातला एक टार्ट मी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे अभिप्रायासाठी नेला. त्यांनी एक घास घेतला, जिभेने स्वतःची दाढ चाचपली, आणि हे तुम्ही दर आठवड्याला करणार का, असं फार आपुलकीने विचारलं. त्या शनिवारी कॅन्टीनमधून बारापैकी अकरा टार्ट परत आले. बाराव्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी मी हिशोब मांडला. एकशे अठ्ठ्याण्णवला दोनशे चाळिसाने भागलं, सगळी मापं त्या प्रमाणात खाली आणली, काटा ओट्यावर ठेवून ग्रॅमवार मोजलं. केक खचला नाही, पण वरही आला नाही. होता तिथेच बसून राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मोजला होता काठापर्यंतचा कप, आणि ती भरत होती फुलापर्यंत. फूल किती उंचीवर होतं? मी डोळे मिटून आठवून पाहिलं. तो कप रोज माझ्या नजरेसमोर होता, तपासणीच्या दिवशी तर मी तो उजेडात धरून आतून पाहिला होता, आणि मला फक्त पाण्याची पातळी दिसली होती. फूल काठाजवळ होतं की तळाशी, काही केल्या आठवेना. ताई, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ओट्याशी मी बराच वेळ नुसता उभा होतो, आणि ओव्हनमध्ये खारा केक खालून करपला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला वास येईपर्यंत तेही कळलं नाही.

त्या शनिवारी डबे घेऊन मी स्वतः गेलो. कॅन्टीनवाल्या बाई भल्या आहेत, पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लोक केकचा तुकडा घेतात, एक घास खातात आणि झाडाच्या कुंडीत ठेवतात. आणखी एखादा शनिवार पाहू, नाहीतर बेकरीला सांगावं लागेल. हे मी घरी सांगितलं नाही. घरी मी सांगितलं की बरं गेलं. तुझी भावजय म्हणाली, वा. एवढंच. मग डाव्या हाताने पेपर उलटायला लागली.

पण तिसरा शुक्रवार! ताई, इथून पुढचं सावकाश वाच. गुरुवारी मी लहान लहान प्रमाणात आठ वेगवेगळे नमुने भाजले, प्रत्येकावर कागदी चिठ्ठी लावली, वाट्यांत ओळीने मांडले. सातवा मला त्यातल्या त्यात केकसारखा वाटला. त्या प्रमाणाने शुक्रवारी सगळं केलं. (लिंबाचा केक हलवला तर अजून थोडा आवाज येत होता, हे मान्य.) टार्टच्या पिठातलं लोणी वितळू नये म्हणून ओटाच बर्फाने पुसून घेतला. शनिवारी कॅन्टीनमधून डबे परत आले ते रिकामे! नुसते रिकामे नाहीत, धुऊन पुसून आले. एक तुकडा नाही, एक कण नाही. बाईंनी निरोप पाठवला की सगळं गेलं, पुढच्या शनिवारीही आणा. मी तो निरोप तुझ्या भावजयीला तीन वेळा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना मीही दार लावताना गुणगुणत होतो, असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही.

यावरून माझा निष्कर्ष असा की पाककला वगैरे जे म्हणतात ती मुळात मोजमापाचीच बाब आहे, आणि बायका तिच्याभोवती उगाच फुलंपाकळ्या रंगवतात. शिस्तीने केलं तर कुणालाही तीन आठवड्यांत जमतं. तुलाही कधी केकबद्दल काही शंका आली तर निःसंकोच विचार. भावोजींना नमस्कार सांग, खोकल्यावर मध चाटायला दे, आणि दाढ काढायचीच ठरली तर आमच्या वरच्या डॉक्टरांना मी शब्द टाकीन. त्यांचा माझ्याशी आता चांगला परिचय आहे.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
निवृत्त निरीक्षक

ता. क. एक बारीकसं काम होतं, लिहायचं राहून गेलं. आईच्या जोडीतला तुझ्याकडचा कप, ज्यात तू बटणं ठेवतेस, तो बटणं काढून मला पाठवशील का? पुरेसा पेंढा भरून. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघेल आणि ती स्वतः ओट्याशी उभी राहील, तेव्हा कप जागेवर हवा. एकतीस वर्षांचा संसार आहे गं, आणि मला तिच्यासमोर उभं राहून “मी फोडला” म्हणायचा धीर होत नाही.

ता. क. दुसरी गोष्ट. सातव्या नमुन्याची चिठ्ठी शुक्रवारी केक भाजताना जळाली. म्हणजे पुढच्या शुक्रवारी काय करायचं हेही मला ठाऊक नाही. कप लवकर पाठव.

ता. क. घरातला डिंक संपलाय. पाकीट मैद्याच्या खळीने चिकटवतो आहे. तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये.

ता. क. ताई, नमस्कार. हे मी लिहिते आहे, अक्षर डाव्या हाताचं आहे, चालवून घ्या. पाकीट मी उघडलेलं नाही. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, ते दारापर्यंत जाईतो आपोआप उघडलं. ह्यांनी खळीतही पाणी जास्त घातलं. कपाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. घरात केर कोण काढतं, हे ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. तुमचा कप पाठवू नका, बटणं राहू द्या त्यात. हे स्वतः येऊन सांगतात का, याची वाट बघते आहे. टेबलाचीही काळजी करू नका, प्लास्टर निघेपर्यंत बेकरीला बोलावणार नाही असं कॅन्टीनवाल्या बाईंनी मला कबूल केलंय. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मीच त्यांना फोन केला होता. म्हटलं, उद्याचं ह्यांनी केलंय. कुणी खाऊ नका, पण परतही पाठवू नका.